पाठमोरा शोकी

रस्त्याकडच्या खोलीची झडप उघडायला नोबुएला दोन्ही हात लावावे लागले. सप्टेंबरपासून ती बंद होती, खोबणीत धूळ बसली होती आणि लाकूड फुगून हट्टाला पेटलं होतं. छपराचं काम करणारे तोगावासान सोमवारी येणार होते. त्यांनी बजावून ठेवलं होतं, की वरच्या मजल्यावरचं सामान हलवा, कौलांखालची जुनी माती छतातून गळेल. गॅलरीतल्या कुंड्या उतरवा, कपडे वाळवायचे बांबू काढा, परांचीचे खांब तिथूनच वर जायचेत. म्हणून ती बांबू काढायला आली होती, दुसरं काही मनात नव्हतं. झडप कुरकुरत सरकली, मे महिन्यातलं ऊन पावलांवर पडलं, आणि समोरच्या इसोदांच्या वळचणीकडे तिची नजर गेली. तिथे शोकीसान उभे होते, नेहमीच्याच जागी. फक्त त्यांची पाठ तिच्याकडे होती.

वीतभर उंचीची मातीची मूर्ती. पुढून पाहिली तर दाढी, हातात तलवार, आणि भुताखेतांना पळवून लावणारे ते बटबटीत डोळे. पाठीमागून मात्र काहीच नाही. कुंभाराने मागची बाजू कोण बघतंय म्हणून तशीच सोडलेली, ओबडधोबड, अंगठ्याने दाबल्याच्या खुणा अजून तशाच. आणि कमरेभोवती कपडे वाळत घालायची निळी दोरी, दोन फेरे देऊन पन्हाळीच्या आकड्याला गाठ मारलेली. नोबुए बांबू हातात धरून उभी राहिली. वाऱ्याने मूर्ती फिरते हे एक वेळ मानता आलं असतं. पण वारा काही गाठी मारत नाही. एवढे महिने रोज दारातून ये-जा करताना आपल्याला हे दिसलं कसं नाही, असं तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर तिला ठाऊकच होतं. गेल्या सप्टेंबरपासून तिने त्या घराच्या दिशेने मान वर केलीच नव्हती.

हे भांडण तिचं नव्हतं, तिला ते लग्नात मिळालं होतं. क्योतोच्या या गल्लीतली बाकीची घरं रस्त्याला समांतर, शहाण्यासारखी अंग चोरून बसलेली. नोबुएच्या सासऱ्यांनी घर वाढवताना आढं फिरवून घेतलं, आणि आढ्याच्या टोकाला बसवलेलं राक्षसाच्या तोंडाचं कौल थेट समोरच्या इसोदांच्या दाराकडे दात काढून बघू लागलं. घरावर येणारी पीडा असा राक्षस परतवतो. पण परतवलेली पीडा जाते कुठे? ती जाते समोरच्या घरात, असं इथे मानतात. त्याच वर्षी इसोदांचा धनी अंथरुणाला खिळला. एक शब्द कोणी बोललं नाही. एके सकाळी इसोदांच्या वळचणीवर शोकीसान उभे राहिले, राक्षसाच्या डोळ्याला डोळा लावून, एवढंच. नवी सून म्हणून आलेल्या नोबुएने सासूला विचारलं, "आई, ते काय हो?" सासू भांडी विसळत म्हणाली, "काही नाही. शोभेला असतं." मग त्याच दुपारी सासू गाजरं घेऊन समोर गेली आणि तिकडून मुरवलेल्या वांग्यांचा डबा घेऊन आली. गल्लीतलं सगळं असंच चाले. सकाळी प्रत्येकीने आपलं दार झाडायचं आणि हद्दीपलीकडे शेजारणीचं वीतभर झाडायचं. त्याहून जास्त झाडलं तर आगाऊपणा, कमी झाडलं तर अबोला. इसोदांची म्हातारी आणि नोबुए, दोघी गेली चाळीस वर्षं मोजून वीतभर झाडत आल्या होत्या.

नोबुएला या सगळ्याचं हसू यायचं. औषधांच्या दुकानात उभं आयुष्य गेलेली बाई ती. कुठली गोळी कशावर आणि कशावर मुळीच नाही हे तिला पाठ. मातीच्या बाहुल्यांवर तिचा विश्वास असणं शक्य नव्हतं. आणि तरीही नवऱ्याचं, शिगेफुमीचं, दुखणं पोटातून यकृतात उतरलं, डॉक्टरांनी त्याला घरी न्या म्हणून सांगितलं, तेव्हा रस्त्याकडच्या या खोलीत त्याच्या उशाशी बसल्या बसल्या ती झडपेतून दिवसभर बघायची ते शोकीसानांकडे. शिगेफुमीला त्रास झाला की तिला वाटायचं, तो बघतोय. शिगेफुमीला डोळा लागला की वाटायचं, त्याने पापणी मिटली. लाज वाटायची, पण थांबवता येत नव्हतं. सर्वांत जास्त राग यायचा तो म्हाताऱ्या इसोदासानचा, जिने हे वर चढवलं आणि जी आता खाली दारात उभी राहून गोड आवाजात विचारायची, "आज कसं वाटतंय त्यांना?" एका संध्याकाळी शिगेफुमीला उलटी झाली, चादर बदलून झाली, पुन्हा उलटी झाली, आणि नोबुएने घाण झालेली चादर हातात असतानाच झडप सर्रकन उघडून समोर बघत म्हटलं, "मेल्या, तिकडे तोंड कर! कर तिकडे तोंड!" बोलली ती मोठ्यानेच. मग दचकून तिने खाली पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. इसोदांच्या जाळीच्या खिडकीमागे अंधार होता.

आता बांबू कठड्याला टेकवून ती खाली बसली. ज्या जागी शिगेफुमीचं अंथरूण होतं तिथे चटईचा रंग अजून थोडा हिरवट होता. तिने तोंड कर म्हटलं होतं आणि मूर्तीने तोंड केलं होतं, आणि ते आपलं आपण केलं नव्हतं. कोणीतरी ऐकलं होतं. कोणीतरी दुसऱ्या दिवशी सकाळी घडीची शिडी काढली होती, त्या वयात, त्या गुडघ्यांनी.

ती सकाळ तिच्या मनात कधीच पुसट झाली नव्हती. तिने फक्त तिच्याकडे पाठ केली होती. रात्रभर तळमळून शिगेफुमी नुकताच झोपला होता. बाहेर काहीतरी आदळल्याचा आवाज आला, लोखंडाचा, आणि त्यामागून एक छोटा, मऊ आवाज. झडप बोटभर उघडी होती. त्या फटीतून तिने पाहिलं. म्हातारी रस्त्यावर बसली होती, पण बसण्याची ती तऱ्हा नव्हती. एक पाय भलतीकडे वळलेला, सपात दूर पडलेली, शिडी आडवी. ओरडत नव्हती. या गल्लीत बायका पडल्या तरी ओरडत नाहीत. नोबुएचा हात झडपेवर होता. झडप उघडली तर तो जागा होईल, असं तिच्या मनात आलं, ते खरंच होतं. कोणीतरी येईलच, हेही आलं. पण या दोन्हींच्या आधी, अगदी पहिल्या क्षणाला, जे आलं होतं ते तिला शब्दाशब्दाने आठवत होतं: आता कळेल. एवढंच. आता कळेल, कसं वाटतं ते. आणि मनातून तिला बरं वाटलं होतं. मग टोफूवाली सायकलवरून आली, किंचाळली, दारं उघडली, आणि नोबुएने हलक्या हाताने, आवाज न करता, ती बोटभर फट मिटवली. रुग्णवाहिकेचा भोंगा वाजल्यावर ती एप्रनला हात पुसत खाली गेली आणि बायकांच्या घोळक्यात शिरून म्हणाली, "अगं बाई! काय झालं?" तो चेहरा तिने केला होता, तोच आश्चर्याचा, तोच तोंडावर हात. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण शिडी बघून सगळ्या बुचकळ्यात पडलेल्या, तेव्हा तीच म्हणाली, "उन्हाळा संपला ना, चिक काढायला चढल्या असतील." वळचणीला उन्हाआडची बांबूच्या काड्यांची चिक लटकत होतीच. गल्लीने ते उचललं, म्हातारीच्या मुलीने उचललं, आणि संध्याकाळपर्यंत ते घडल्यासारखं झालं. शिगेफुमी त्याच महिन्यात गेला. म्हातारी तेव्हा हाड जोडून घेऊन इस्पितळात होती. तिने मुलीच्या हाती पांढरी फुलं पाठवली, आणि नोबुएने रीतीप्रमाणे चहाची डबी परत पाठवली, वर्षभर शोक पाळणाऱ्या घरातून जशी पाठवतात तशी, चूक काढायला जागा नाही अशी.

छपराच्या कामाआधी शेजाऱ्यांकडे टॉवेल घेऊन जायचं असतं. डाव्या-उजव्या हाताची घरं, समोरची घरं, मागचं घर. गोंगाट होईल, धूळ उडेल, आधीच क्षमा मागतो, म्हणून वाकायचं. परवा तोगावासान आपल्या दुकानाचे टॉवेल घेऊन आले होते, लाल-पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेले. नोबुएने त्या पट्ट्या सोडल्या आणि साध्या पांढऱ्या लावल्या. घरात अजून वर्ष व्हायचं होतं. मग दोघं निघाले. कडेच्या घरच्या बाईने "अहो, करा की, आमचंही एकदा करायचंय" म्हणून त्यांना दारातच भाव विचारून घेतले. मागच्या घरातल्या सेवानिवृत्त मास्तरांनी कौलांचा आणि भूकंपाचा संबंध समजावून सांगितला. इसोदांच्या दारापाशी आल्यावर तोगावासान घंटेकडे हात नेत होते तेवढ्यात नोबुए म्हणाली, "इथे नको. आजींना ऐकू कमी येतं, उगाच त्रास. मी येईन नंतर." तोगावासाननी भुवया वर केल्या. सगळ्यात जवळचं घर, धूळ सगळी तिथेच जाणार. पण ते क्योतोचेच, विचारलं नाही. तो टॉवेल अजून खाली जोड्यांच्या कपाटावर होता. नंतर, नंतर करत शनिवार आला होता. सोमवारी सकाळी खांब उतरणार होते.

ती खाली आली. देव्हाऱ्यातला शिगेफुमीचा फोटो धुळीपासून वाचवायला तिने सकाळीच स्वयंपाकघरात आणून ठेवला होता, भाताच्या कुकरशेजारी. तिथे तो बावळट दिसत होता. "काय करू?" तिने विचारलं. त्याने आयुष्यात कधी अशा गोष्टीत पडायचं कबूल केलं नव्हतं. बायकांचं बायका बघा म्हणायचा आणि पेपर वर धरायचा. फोटोतही त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं. नोबुएला त्याचा राग आला, आणि मेलेल्या माणसाचा राग आल्याबद्दल स्वतःचा आला. मग तिने एप्रन काढला, केसांवरून हात फिरवला आणि टॉवेल घेतला. गल्ली ओलांडायला चार पावलं लागत. ती मध्येच थांबली आणि पहिल्यांदा मान वर करून नीट बघितलं. खालून मूर्तीची टाच आणि दोरीचं टोक दिसत होतं. बघणाऱ्याला दिसलं असतं.

दार मुलीने, कानाएने उघडलं. "आई, बघ कोण आलंय!" आतून भाजलेल्या चहाचा वास येत होता. जाळीच्या खिडकीशी खुर्चीत म्हातारी बसली होती, शेजारी चाकांचा आधार, गुडघ्यांवर शाल. पूर्वीपेक्षा निम्मी झाली होती.

"या, या, सूनबाई," ती म्हणाली. साठी उलटलेल्या नोबुएला सूनबाई म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं. "तुमच्या छपराची वाट बघता बघता आमचं छप्पर पांढरं झालं."

नोबुए चटईवर बसली, टॉवेल पुढे सरकवला आणि वाकली. "सोमवारपासून काम सुरू होतंय. गोंगाट होईल, माती उडेल. आधीच यायला हवं होतं. फार उशीर झाला, माफ करा."

"होऊ दे गोंगाट. कानाए दिवसभर दुकानात. मला तेवढीच सोबत." म्हातारीने टॉवेलवरची पट्टी बोटाने चाचपली. "साधी पट्टी लावलीत. बरोबर. वर्ष व्हायचंय अजून." मग पट्टी सरळ करत, "राक्षस उतरणार म्हणे?"

"हो. पत्र्याचं हलकं छप्पर घालतायत. भूकंपात बरं असतं म्हणतात."

"बिचारा. किती ऊनपाऊस खाल्ला त्याने." ती खरंच हळहळल्यासारखी दिसली. "माझ्या धन्याला तर त्याच्या मिशा आवडायच्या. आजारी होते तरी म्हणायचे, माणूस रागीट आहे पण मिशी काय राखलीय."

 नोबुए जमिनीकडे बघत म्हणाली, "इसोदासान, तुमचे शोकीसान… त्यांची पाठ आहे आमच्याकडे."

"आहे का?"

"दोरीने बांधलेत."

"मग पडायचे नाहीत," म्हातारी म्हणाली. "मी म्हटलं त्यांना, जरा आपल्या घरातही बघा. सारखं काय दुसऱ्यांच्या घरात डोकवायचं? तेही आजारी माणसाच्या."

"त्या दिवशी तुम्ही चिक काढायला नव्हता चढलात."

"गल्ली चिक म्हणते, तर चिक. गल्ली कशाला खोटं बोलेल?"

कानाए चहा घेऊन आली आणि हसत म्हणाली, "आईचं काही खरं नसतं हं. चिक तर ऑक्टोबरपर्यंत तशीच लटकत होती. शेवटी मी काढली. पडायचं ते पडली आणि कामही केलं नाही!" म्हातारीही हसली. कानाए आत गेली. नोबुएला हसता आलं नाही. तिने दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली नेलं. आता बोलायचं, सगळं बोलायचं, त्या दोन शब्दांसकट, असं तिने ठरवलं होतं. "मला तुम्हाला सांगायचंय, की मी…"

"कान अजून शाबूत आहेत माझे, सूनबाई," म्हातारी मधेच म्हणाली, हळूच. "बाहेर कोण काय सांगतं मला ठाऊक नाही, पण या जाळीतून सगळं ऐकू येतं. आदल्या संध्याकाळचंही आलं." तिने कप दोन्ही हातांत धरला. "मला वाटलं, खरंच आहे. आपला माणूस उलट्या करतोय आणि समोरून कोणी डोळे वटारतंय, कसं वाटेल? माझा माणूस गेला तेव्हा मला तुमच्या राक्षसाबद्दल असंच वाटायचं. तुमच्या सासूबाईंना मी मनातल्या मनात काय काय म्हटलंय! त्या गाजरं आणायच्या आणि मी मनात शिव्या द्यायचे." ती चहा प्यायली. "वर चढून त्यांचं तोंड फिरवताना कठीण गेलं नाही. उतरताना पाय चुकला. खाली बसले, पाय काही ऐकेना, म्हणून वर बघितलं. तुमची झडप बोटभर उघडी होती."

नोबुएचं कपाळ चटईला लागलेलं होतं. गवताचा वास येत होता. तिला उठता येईना.

"मला वाटलं, चला, बरं झालं," म्हातारी म्हणाली. "आजाऱ्याला वारा लागतोय. झोपले होते ना तेव्हा?"

"हो," नोबुए जमिनीतच म्हणाली. "झोपले होते."

"मग झालं तर."

यात क्षमा होती की दुसरं काही, हे नोबुएला कळलं नाही. या गावात दोन्ही एकाच आवाजात सांगतात. जन्म इथे गेला होता, दुसऱ्यांचं तिला एका शब्दावरून कळायचं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा काही कळेना. तिला हवं होतं की म्हातारीने ओरडावं, कप फेकावा. म्हातारीने तिच्यापुढे बशी सरकवली, तिच्यात मुरवलेल्या वांग्याचे काप होते. नोबुएने एक उचलून तोंडात घातला. खारट होता. तिचे डोळे वाहू लागले, आणि म्हातारी तिकडे बघायचं टाळून खिडकीबाहेर बघत राहिली.

निघताना म्हातारी म्हणाली, "एक काम कराल? तुमची माणसं शिड्या आणतील, तेव्हा एकाला सांगा, आमच्या शोकीसानांचं तोंड पुन्हा रस्त्याकडे करून द्या. राक्षस गेल्यावर भांडण कोणाशी? भिंत बघून कंटाळले असतील. कानाए चढते म्हणत होती, मी म्हटलं नको. आमच्या घरात एक मोडकी पुरे."

रविवारी नोबुएने उरलेलं सामान हलवलं. कुंड्या उतरवल्या, शिगेफुमीचे कपडे पेटीत भरले, देव्हाऱ्यावर जुनी चादर घातली, आणि ती त्या उलट्यांच्या संध्याकाळचीच चादर आहे हे घातल्यावर लक्षात आलं. तरी तिने ती राहू दिली. सकाळी झाडताना हद्द ओलांडून ती इसोदांच्या पूर्ण दारापर्यंत झाडत गेली. मग आगाऊपणा झाला की काय असं वाटून ओशाळली. झाडलेलं परत घाण करता येत नाही.

सोमवारी खांब उभे राहिले. तोगावासाननी सगळ्यात आधी राक्षस उतरवला, कारण तिने तसं सांगितलं होतं. जवळून तो लहान होता, मिशीत शेवाळ, उघड्या जबड्यात चिमणीच्या घरट्याची काडी-कापूस. तो अंगणात गोणपाटावर ठेवून तोगावासान शिडी घेऊन समोर गेले. म्हातारी चाकांचा आधार धरून दारात आली होती, डोक्याला नोबुएनेच दिलेला टॉवेल गुंडाळून. नोबुए वर होती, रिकाम्या खोलीत, झडपेशी.

तोगावासाननी कात्रीने दोरी कापली. मूर्ती हातात घेऊन फुंकर मारली, धूळ उडाली. "आजी, थोडी तिरकी बसवू का?" ते खाली बघत म्हणाले. "सरळ बसवली तर बघा, थेट या बाईंच्या खिडकीत बघणार. हल्ली सगळे तिरकीच बसवतात, समोरच्याला बरं."

"मला काय विचारता?" म्हातारी म्हणाली. "सूनबाईंना विचारा. बघणार त्यांच्याकडे."

तोगावासान शिडीवरच वळले. म्हातारीनेही मान वर केली. सप्टेंबरातल्या त्या सकाळी तिने जशी केली असेल, तशीच, त्याच कोनातून. नोबुएने कठडा धरला.

"सरळ," ती म्हणाली.

मूर्ती टेकली. दाढी, तलवार, डोळे. तोगावासान परत येऊन परांचीवरून ओरडले, "बाई, झडप लावून घ्या! आता माती सुटेल, सगळी आत येईल!"

"येऊ दे," नोबुए म्हणाली, आणि तिने झडप शेवटपर्यंत सरकवून उघडी ठेवली.